अर्धी वीत वाढवलेला गणपती

पैशाने सुख मिळत नाही असं कोणी म्हणालं की मी वाद घालत नाही. त्याला घरी जेवायला बोलावतो. स्वयंपाकघरात गुणगुणत भाकऱ्या थापणारी माझी बायको त्याला दिसते, ती पैशाने वाचलेली आहे. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ती जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायची आणि थांबण्याचं काहीतरी कारण शोधायची. पदर सारखा करायची, नाहीतर खालच्या अंगणात काही वाळत घातलंय का ते बघायची. माझ्या सरकारी कारकुनाच्या पगारात डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन बसत नव्हतं. मग पैसा आला, आम्ही मुंबईला गेलो, आणि परत आल्यावर ती न थांबता जिना चढली. वर जाऊन मोठ्याने म्हणाली, "आता काय कारण सांगू?"

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, बघा, पैशाने माणूस बिघडला. तसं नाही. मला पैसा आवडला आणि अजूनही आवडतो. पण घरात आल्यावर तो कोणाच्या जागेवर जाऊन बसला, ते मला वेळेवर दिसलं नाही. त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

आम्ही दोघे भाऊ. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. माझी फी त्याने भरली, माझ्या लग्नात वडिलांच्या जागी तो उभा राहिला. रत्नागिरी शहरापासून एसटीने अर्ध्या तासावर आमचं गाव. वाटणी झाली तेव्हा हापूसची बाग, भातशेती आणि घर दादाकडे गेलं, आणि वरचा सडा माझ्याकडे आला. त्यात अन्याय काहीच नव्हता. बाग त्याने राखली होती, कलमांना पाणी त्याने घातलं होतं, आणि मी रत्नागिरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहून नोकरी करत होतो. सडा म्हणजे काळा उघडा कातळ. पावसाळ्यात चार महिने गवत आणि रानफुलं, एरवी करवंदीच्या जाळ्या. वाटणीच्या दिवशी दादालाच माझ्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं होतं. "तुला दगड दिला रे," तो म्हणाला. मी म्हणालो, "मला शेती कुठे करायचीय?" त्यानंतर दर मे महिन्यात आंब्याच्या पेट्या माझ्या दारात यायच्या, आणि आणून देणारा एसटीचा कंडक्टर म्हणायचा, "दादांनी सांगितलंय, मोजायच्या नाहीत."

कोकण रेल्वे सुरू झाली त्या सुमाराला सगळीकडे बांधकामं निघाली. ज्याचा मुलगा मुंबईला चिकटला तो गावात घर बांधायला लागला. घर बांधायचं तर जांभ्याचा चिरा हवा. एक दिवस एक ठेकेदार माझ्या ऑफिसात आला आणि म्हणाला, "तुमचा सडा बघायचाय." आम्ही गेलो. त्याने दोन-तीन जागी पहार मारली, निघालेला लाल तुकडा हातात फिरवला, त्यावर थुंकून बोटाने घासला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही कशाला नोकरी करता?"

वर्षभरात सड्यावर चिरेखाण सुरू झाली. खेड-चिपळूणपर्यंत ट्रक जायला लागले. ऑपरेशन झालं. मुलगी पुण्याला शिकायला गेली. गावातच मोठ्या रस्त्याला लागून मी बंगला बांधला, पुढे गाडी आली. आणि एक गंमत माझ्या लक्षात आली. पैसा आल्यावर माझे विनोद सुधारले. ऑफिसात पूर्वी जे किस्से सांगितले की माणसं फायलींत तोंड घालायची, तेच किस्से आता हशा घ्यायला लागले. गावच्या बैठकीत मी घसा खाकरला तरी लोक गप्प व्हायचे. मला ते सगळं फार आवडलं. खोटं कशाला बोलू?

आवडली नाही ती एकच गोष्ट. लोक म्हणायचे, "थोरल्याने धाकट्याला दगड दिला, पण देवाने त्याचं सोनं केलं." हे वाक्य माझं कौतुक म्हणून यायचं, पण त्याचं दुसरं टोक दादाला लागायचं. त्यात आंब्याची वर्षं वाईट चाललेली. कधी मोहोर जळायचा, कधी ऐन फळात अवेळी पाऊस. दादा काही अडचणीत नव्हता. खाऊनपिऊन सुखी होता. पण गाडीत बसून मी बागेवरून जायचो तेव्हा मला तिथे बघवत नसे. मी काही चोरलं नव्हतं, कोणाचं हिरावलं नव्हतं, तरी कोणाचं तरी माझ्याकडे राहिलंय असं वाटायचं.

एकदा मी धीर करून दादाला म्हणालो, "खाणीचं निम्मं तू घे."

तो पडवीत बसून सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबवला नाही. "वाटणी झाली की झाली," तो म्हणाला.

"पण आंब्याच्या पेट्या तू मला देतोस ना?"

"त्या खायला देतो. हिस्सा म्हणून नाय देत." मग माझं तोंड बघून हसला. "असं कर, माझ्या गोठ्याला चिरे लागणारेत. ते दे. बाजारभावाने."

आतून वहिनी म्हणाली, "भावोजी, बाजारभावाने नको हो. वाहतूक तरी सोडा."

आम्ही तिघं हसलो आणि विषय तिथेच मिटला. पण मला काहीतरी द्यायचंच होतं. द्यायची घाई झालेल्या माणसाला समोरच्याला काय हवंय ते ऐकू येत नाही, हे मला नंतर कळलं.

आमच्याकडे चुली वेगळ्या झाल्या तरी गणपती वेगळा होत नाही. भावांचा गणपती एकच, मूळ घरात बसतो. मोदकांचं पीठ दादाच्या शेतातल्या तांदळाचं, नारळ त्याच्याच आगरातले. गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, म्हणजे मंडपी, ती सजवायचं काम सगळ्यांचं. तिला बांधायचा तेरडा आणि कवंडळं, म्हणजे लाल रानफळं, पूर्वी सड्यावरून यायची. खाण झाल्यापासून ती पलीकडच्या डोंगरावरून आणावी लागत. त्याबद्दल मला कोणी शब्दाने बोललं नाही.

मूर्तीची रीत अशी की प्रत्येक घराचा स्वतःचा एक पाट असतो. नागपंचमीच्या आधी तो गणपतीच्या कारखान्यात पोचवायचा. मूर्तिकार त्या पाटावर त्या घराच्या मापाची मूर्ती घडवतो. आमचा गणपती पिढ्यान्पिढ्या एक हात उंच. आणि तो आणायचा घरातल्या कर्त्याने, डोक्यावरून. कारखाना शेजारच्या गावात. मधे भातखाचरं, त्यांच्यामधून गेलेली अरुंद मेर, म्हणजे शेताचा बांध. तोंडावर नवा रुमाल झाकलेला गणपती घेऊन माणूस त्या मेरेवरून चालतो आणि घरापर्यंत कुठेही टेकवत नाही. वडिलांनंतर ते काम दादाचं.

त्या वर्षी आंबा पार बसला होता. मी दादाला म्हणालो, "यंदा गणपतीचं सगळं माझ्याकडे. तू कशाचीच काळजी करायची नाहीस."

"बरं," दादा म्हणाला.

दादाची 'बरं' अनेक प्रकारची असतात. हे कुठलं ते मी पाहायला हवं होतं. मी नवा सागवानी पाट करून घेतला आणि कारखान्यात गेलो. मूर्तिकार म्हातारे होते, आम्हाला लहानपणापासून ओळखणारे.

"काय धाकटे, आज तुम्ही? आणि पाट का नवा?"

"काका, यंदा मूर्ती अर्धी वीत वाढवा. मागे सिंहासन करा, डोक्यावर फेटा."

त्यांनी हातातली माती खाली ठेवली. "दादांना विचारलंत?"

"दादा काय नाही म्हणणार आहे?"

"ते काय म्हणणार म्हणा. पण वाढवलेली मूर्ती पुन्हा लहान करत नाहीत, ठाऊक आहे ना?"

"लहान करायची कशाला? आता वाढतच जायचं," मी म्हणालो. मला तो विनोद वाटला होता. तिथली दोन-तीन माणसं हसली. तीही हसली म्हणजे विनोद चांगलाच असणार, असं मला वाटलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी टेम्पो ठरवून कारखान्यात गेलो. दादा माझ्या आधीच आलेला. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, काखेत कोरा रुमाल आणि हातात पंचा गुंडाळून तयार केलेली चुंबळ. मूर्तीसमोर उभा होता. मी म्हणालो, "कसा झालाय?"

वाकून त्याने पाटाच्या दोन्ही बाजूंना हात घातले आणि पाट बोटभर उचलून पाहिला. परत टेकवला. हात झटकले.

"झकास झालाय," तो म्हणाला.

"टेम्पो आणलाय. तुला उगाच त्रास नको."

"हो. चांगलं केलंस." त्याने चुंबळ सोडवली, पंच्याची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. मग रुमालाने गणपतीचं तोंड झाकलं, विडा-नारळ ठेवला आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. मोठ्या रस्त्याने, वळसा घालून आम्ही घरी आलो. वाटेत ड्रायव्हरने त्याला विचारलं, "दादा, गाडी हळू घेऊ?" तो म्हणाला, "तुझ्या गाडीचं मला काय कळतं बाबा?"

घरात आणखी गोंधळ. मंडपी नेहमीच्या उंचीवर टांगलेली. गणपती तिच्याखाली सरकवला तर फेटा थेट तिला टांगलेल्या नारळाला लागला. दादा स्टुलावर चढला, सगळ्या दोऱ्या सोडल्या आणि वर ओढून पुन्हा बांधल्या. मंडपी आढ्याला टेकली. वहिनी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "भावोजी, पुढच्या वर्षी घर पण अर्धी वीत वाढवा हो." सगळे हसले. मीही हसलो, पण ते हसणं माझ्या तोंडावर बसेना.

आरत्यांना वाडी लोटली. सगळे मूर्तीचं कौतुक करत होते आणि करताना माझ्याकडे बघत होते. दादा नेहमीसारखा झांज घेऊन पुढे उभा. आवाजही नेहमीसारखाच. फक्त दर वर्षी आरती संपल्यावर वाडीतली म्हातारी माणसं त्याला विचारायची, "यंदा मेरेवर चिखल किती होता रे? कुठे घसरलास का?" आणि मग तो दहा मिनिटं त्या वाटेचं वर्णन करायचा, नाल्यावरच्या ओंडक्यासकट. या वर्षी कोणी विचारलं नाही. टेम्पोबद्दल काय विचारणार?

दुसऱ्या दिवशी मोदक वळायला बायका बसल्या होत्या. मी पाणी प्यायला आत गेलो. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेल्या वर्षी पंधरा दिवस यांची मान धरली होती. शेक देऊन देऊन माझे हात भाजले. तरी कोणाला सांगू दिलं नाही."

"मग वहिनी, टेम्पो आणला ते बरंच झालं की!"

तिने हातातला मोदक ताटात ठेवला. "भावोजी, तुमची गाडी बघून लोक रोज वाट देतात. यांना वर्षातनं एक दिवस देतात. मेरेवर समोरून कोणी का येईना, सरपंच येवो नाहीतर कोण, गणपती बघून खाली चिखलात उतरतो. तेवढा एक दिवस होता हो."

माझी बायको शेजारी बसली होती. ती खाली मान घालून कळ्या पाडत राहिली. रात्री घरी आल्यावर म्हणाली, "वहिनी बोलल्या ते बरं झालं. मी बोलले असते तर तुम्ही मला खाणीचा हिशोब सांगितला असता."

विसर्जनाला वाडीतल्या चार मुलांनी फळीवरून गणपती नेला. दादा मागून पूजेचं ताट घेऊन चालला.

ते वर्ष मला जड गेलं. मी सगळ्यांत जास्त दिलं होतं आणि देताना त्याचं नेमकं जे होतं तेच घेतलं होतं. माझ्याकडे पैसा नसता तर ही चूक करण्याची माझी ऐपतच नव्हती. गरिबीत मी त्याच्याकडून घेत होतो, आणि घेताना मला कधी कमीपणा वाटला नव्हता, कारण तो मोजायच्या नाहीत म्हणून द्यायचा. मला तसं देता आलं नाही. माझं देणं सगळ्या वाडीला दिसेल एवढं उंच होतं.

पुढच्या आषाढात मी दादाकडे गेलो. जुना पाट माळ्यावर होता. म्हणालो, "दादा, यंदा हाच पाट देऊ. पूर्वीसारखा एक हात."

"का?"

"चुकलं माझं."

"चुकलं असेल. म्हणून काय देवाला बढती देऊन परत कारकून करणार? वाढवलेला गणपती लहान करायचा नाय."

"मग टेम्पो..."

"टेम्पो नाय. मेरेवरूनच यायचा."

"अरे पण तुला तो उचलवणार आहे का? तुझी मान..."

"मला कोण म्हणतंय?" तो म्हणाला. "वाढवलास तू. उचल तू."

पंचेचाळिशीला आलेला, गाडीतून फिरणारा, पोट सुटलेला माणूस मी. "दादा, कर्ता तू आहेस. ते काम तुझं आहे."

"कर्ता मीच आहे. म्हणून मी ठरवतोय." त्याने सुपारी तोंडात टाकली. "गेल्या वर्षी मी तो उचलून बघितला. तेव्हाच कळलं, आता होणार नाय. एक-दोन वर्षांत जुन्या मापाचासुद्धा झेपला नसता. ते मला सगळ्यांसमोर, असं अचानक कळायला नको होतं, एवढंच. आता रडू नकोस. नागपंचमीला अजून वेळ आहे. मान घट्ट कर."

मी रडत नव्हतो, पण तो म्हणाल्यावर डोळ्यांत पाणी आलं खरं.

मान घट्ट करायला मी सड्यावर गेलो. खाणीतला एक फुटका चिरा चुंबळीवर ठेवून सकाळी खाणीच्या कडेकडेने चालायचो. पहिल्या दिवशी वीस पावलं गेलो नाही. खाणीतले गडी तोंड फिरवून हसायचे. त्यांच्यातली एक बाई दोन दोन चिरे डोक्यावर घेऊन माझ्या बाजूने निघून जायची. घरी बायको म्हणायची, "मालकच चिरे वाहायला लागल्यावर गड्यांनी काय करायचं?" पण रात्री मानेला तेल तीच लावायची. त्या दिवसांत मी ऑफिसात एकही किस्सा सांगितला नाही. मान वळत नव्हती, आणि किस्सा सांगायला इकडे-तिकडे बघावं लागतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी दादा आणि मी चालत कारखान्यात गेलो. मूर्तिकार काकांनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दादाने खिशातून पंचा काढला, त्याची चुंबळ केली आणि माझ्या डोक्यावर ठेवून दोन्ही हातांनी दाबून बसवली. लहानपणी शाळेत जाताना टोपी बसवायचा तशी. काकांनी आणि त्याने मिळून गणपती वर चढवला. ओझं पाठीच्या कण्यातून थेट टाचांपर्यंत उतरलं.

"श्वास सोड," दादा म्हणाला. "धरून ठेवलास तर पडशील."

मेरेवर तो माझ्यापुढे चालला. मला फक्त त्याच्या टाचा आणि पुढचा हातभर चिखल दिसत होता. तो मोठ्याने ओरडत होता, "सरा रे, वाट द्या, गणपती येतोय!" समोरून येणारी माणसं खाली खाचरात उतरत होती. मला त्यांचे पाय तेवढे दिसायचे, पोटऱ्यांपर्यंत चिखलात गेलेले. ते वाट मला देत होते की दादाला की गणपतीला, ते कळायला मार्ग नव्हता आणि माझ्यात तेवढा श्वासही नव्हता. एकजण म्हणाला, "दादा, यंदा धाकट्याकडे दिला वाटतं?" दादा न थांबता म्हणाला, "दिला. वजनदार माणूस आहे, वजनदार गणपती आणेल." लोक हसले. मला हसता येत नव्हतं. पण खाण सुरू झाल्यापासून कोणी माझ्यासमोर माझ्यावर केलेला तो पहिलाच विनोद होता, आणि तो ऐकून मला बरं वाटलं.

नाल्यावरच्या ओंडक्यापाशी माझं पाऊल पुढे पडेना. मी म्हणालो, "दादा, टेकवू?"

"टेकवायचा नाय."

"होत नाही रे."

तो मागे फिरला. मला वाटलं, तो हात लावेल. त्याने हात लावला नाही. उलटा चालायला लागला, माझ्याकडे तोंड करून, ओंडक्यावर एकेक पाऊल मागे टाकत. "माझ्याकडे बघ. उजवा. आता डावा. थांबू नको. डावा म्हटलं ना, मेल्या!" पलीकडे पोचेपर्यंत तो शिव्या देत होता. इतक्या शिव्या त्याने मला वाटणीनंतर कधी दिल्या नव्हत्या. वाटणीनंतर तो माझ्याशी जपून बोलायचा, आणि खाणीनंतर आणखीनच.

अंगणात वहिनी तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. गणपती आणणाऱ्यावरून तुकडा ओवाळून टाकायची आणि त्याच्या पायांवर पाणी घालायची रीत आहे. सवयीने तिचा हात दादाच्या पायांकडे गेला आणि मधेच थांबला. दादा बाजूला सरला.

"त्याच्या पायावर घाल," तो म्हणाला.

पाणी गार होतं. मला मान वळवता येत नव्हती, त्यामुळे दादाचा चेहरा दिसला नाही. तो रागावलेला होता, सुखावलेला होता की नुसता दमलेला, ते मी अजूनही सांगू शकत नाही. नंतर इतकी वर्षं गणपती मीच आणतो आणि तो पुढे ओरडत चालतो, तरी विचारलेलं नाही. त्या दिवशी माझ्या उजव्या कानाशी त्याचा आवाज आला तेवढा आठवतो.

"उंबरा आहे. वाक जरा. आता हा चौकटीला लागतो, तूच वाढवलायस."

मी वाकलो आणि आत गेलो.